परशाची बोट

आमच्या घरात पणजोबांविषयी दोनच वाक्ये शिल्लक होती. पहिले असे, की छपन्याच्या दुष्काळात, म्हणजे विक्रम संवत 1956 मध्ये, इंग्रजी सनाप्रमाणे 1899-1900 साली, ते चोपडा तालुक्यातील तापीकाठचे गाव सोडून मुंबईला गेले. दुसरे वाक्य आजी अहिराणीत सांगत असे : "आबा परशानी बोटवर व्हतात." हा परशा म्हणजे तापीवर नाव चालवणारा कोणी परशराम भोई असावा, असे आम्ही सगळे लहानपणापासून धरून चाललो होतो, आणि त्यात कोणाला काही खटकलेही नाही.

घोटाळ्यात भर पडली ती एका कागदामुळे. जमिनीच्या जुन्या कागदांत पणजोबांच्या नावापुढे धंदा म्हणून 'खलाशी' असे लिहिलेले सापडले. आता भुसावळपासून तासाभराच्या अंतरावर राहणाऱ्या माणसाला खलाशी म्हटले की रेल्वेच आठवते. लोको शेडमध्ये भरती होणारा सर्वांत खालच्या पायरीवरचा कामगार तो खलाशी, आणि इंजिनात कोळसा टाकणारा तो आगवाला. माझ्या वडिलांनी निवृत्तीनंतरची दोन वर्षे जी.आय.पी. रेल्वेच्या जुन्या नोंदी शोधण्यात घालवली आणि अर्थातच त्यांना काही मिळाले नाही. खलाशी आणि आगवाला हे दोन्ही शब्द बोटीवरही चालत होते, किंबहुना खलाशी हा मुळात बोटीवरचाच शब्द, हे आमच्यापैकी कोणाच्याही ध्यानात आले नाही. समुद्र आमच्यापासून फार लांब होता, एवढेच त्याचे कारण.

मला धागा सापडला तो भलतेच काही शोधताना. पहिल्या महायुद्धाच्या काळातील कापसाच्या भावांसाठी 'टाइम्स ऑफ इंडिया'चे जुने अंक पाहत असताना जानेवारी 1916 च्या पहिल्या आठवड्यातील एक मथळा डोळ्यांसमोर आला : 'पर्शिया' बुडाली. पी. अँड ओ. कंपनीची ही मेल बोट लंडनहून मुंबईला येत असताना 30 डिसेंबर 1915 रोजी, दुपारच्या जेवणाच्या वेळी, क्रीट बेटाच्या दक्षिणेस यू-38 या जर्मन पाणबुडीने कोणतीही सूचना न देता तिच्यावर टॉर्पेडो सोडला आणि बोट काही मिनिटांतच तळाला गेली. बोटीवरच्या 519 जणांपैकी 343 जण दगावले. बातमी वाचून संपली तरी मी त्या नावावरच अडून राहिलो. पर्शिया, पर्शा, परशा. आजीचा परशराम भोई तिथल्या तिथे विरघळला.

त्यानंतर वर्तमानपत्रांतून जेवढे मिळेल तेवढे वाचले आणि त्यांची मर्यादाही लक्षात आली. बोट कधी आली, कधी सुटली, पहिल्या वर्गाने कोण कोण उतरले, हे सगळे छापलेले असते. 'पर्शिया'वर लॉर्ड मॉन्टेग्यू होते. ते बुडाले असे समजून लंडनच्या पत्रांनी त्यांचे मृत्युलेखही छापले आणि नंतर ते जिवंत परतले, ही हकीकत पुन्हा पुन्हा येते. खाली भट्टीपाशी असलेल्या माणसांचा उल्लेख मात्र केवळ 'लॅस्कर', म्हणजे इंग्रजी बोटींवरचे हिंदी खलाशी, म्हणून, एकगठ्ठा आकड्यात होतो. त्यामुळे वर्तमानपत्रातून फक्त बोट मिळते. माणूस हवा असेल तर तिच्या खलाशांच्या यादीकडे जावे लागते. या याद्या माणसाच्या नावाने नव्हे, तर बोटीला दिलेल्या अधिकृत क्रमांकाने लावलेल्या असतात. म्हणूनच आधी बोटीचे नाव कळले नाही, तर शोध सुरूच होत नाही.

इथे दैवाने थोडी साथ दिली. 1863 ते 1938 या काळातील ब्रिटिश बोटींच्या बहुतेक याद्या आज कॅनडातील न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठात आहेत. ज्या सालाचा शेवट पाचाने होतो त्या सालच्या याद्या मात्र मुख्यतः ग्रीनिचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियमने ठेवून घेतल्या, आणि त्यांपैकी 1915 च्या याद्यांतील साडेसात लाखांहून अधिक नोंदी स्वयंसेवकांनी उतरवून इंटरनेटवर विनामूल्य ठेवल्या आहेत. पणजोबा 1914 साली त्या बोटीवर असते, तर मी आज हे लिहीत नसतो.

तरीही तीन आठवडे काही मिळाले नाही. आडनाव टाकून उपयोग नव्हता, कारण यादीत आडनाव नसतेच. स्वतःचे नाव आणि बापाचे नाव, तेही गोऱ्या कारकुनाच्या कानाला जसे ऐकू आले तसे. खानदेशचे जुने इंग्रजी स्पेलिंग मधेच ई आणि आय घालून करत असत, हे ठाऊक असल्यामुळे तेही करून पाहिले. शेवटी गावाच्या रकान्यात मी 'चोप्रा' असे टाकले, कारण आपला ड इंग्रजीत र होतो हे रोज पाहतोच, आणि पंजाबी वाटणाऱ्या त्या शब्दाखाली एक ओळ निघाली. नाव जुळते, बापाचे नाव जुळते, वय 34, काम आगवाल्याचे. बोट 'पर्शिया'. नोकरीतून मोकळे केल्याचे ठिकाण मुंबई, आणि तेही शेवटच्या फेरीच्या आधी.

मूळ पानाचे छायाचित्र मी पडद्यावर मोठे करून पाहिले. वर सारंगाचे, म्हणजे खलाशांच्या मुकादमाचे नाव, खाली त्याने आणलेल्या माणसांची रांग. सहीच्या रकान्यात प्रत्येकाची फुली आहे. सगळ्या फुल्या एकाच हाताच्या दिसतात, एकाच तिरप्या वळणाच्या, शाई संपत आली तिथे पुसट झालेल्या. माझ्या मते त्या कारकुनानेच भराभर ओढल्या असाव्यात. पणजोबांनी त्या कागदाला हातही लावला असेल की नाही, याची मला शंका आहे.

हे सगळे मी धाकट्या काकांना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मंग आपला परशा कोन व्हता?" वंशावळीच्या वहीत मी 'रेल्वे' हा शब्द खोडून फक्त 'खलाशी' ठेवला आहे, 'परशाची बोट' ही ओळ काकांच्या आग्रहाखातर तशीच राहिली.

त्याच ओळीत 'याआधीची बोट' असा एक रकाना आहे. त्यातील नावाची पहिली दोन अक्षरे लागतात, पुढे घडीवर कागद झिजला आहे. पी. अँड ओ.च्या त्या काळच्या बोटींच्या यादीत त्या दोन अक्षरांनी सुरू होणारी चार नावे मला मिळाली आहेत. 1905 सालच्या याद्याही ग्रीनिचलाच आहेत. सध्या चारांपैकी पहिल्या बोटीचा अधिकृत क्रमांक शोधतो आहे.