जुन्या सर्व्हरवरचं मदरबोर्डाचं रेड आणि तो तीन व्होल्टचा सेल

मालवण-वेंगुर्ल्याकडे लॉजवर किंवा पतसंस्थेत सेकंडहँड सर्व्हर आला, की बायोसमधला (मशीन सुरू होताना चालणाऱ्या मदरबोर्डाच्या प्रोग्रॅममधला) ‘रेड’, म्हणजे अनेक डिस्क एकत्र चालवायचा पर्याय पाहून दोन डिस्कचा मिरर, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा, करायचा मोह होतो. करू नका. त्या रेडला स्वतःचा प्रोसेसर नसतो, बॅटरीवर टिकणारी कॅशही (तात्पुरती मेमरी) नसते. सगळं काम ड्रायव्हर सर्व्हरच्या सीपीयूकडूनच करून घेतो. मिररला तो भार जाणवत नाही. रेड 5 (तीन किंवा जास्त डिस्कवर डेटा आणि तो परत मिळवायचा हिशेब विभागून ठेवायची पद्धत) मात्र लिहिताना रखडतं.

खरी भीती सीआर2032 सेलची, म्हणजे लाइट नसताना बायोसची सेटिंग टिकवणाऱ्या बोर्डावरच्या नाण्यासारख्या सेलची. दहा वर्षांच्या बोर्डावर तो बहुधा संपत आलेला असतो. पावसात लाइट गेली, इन्व्हर्टरही उतरला, की बायोसची सेटिंग पुसली जाते आणि साटा मोड (बोर्ड डिस्क कशा चालवतं ती सेटिंग) रेडवरून एएचसीआय किंवा आयडीईवर, म्हणजे प्रत्येक डिस्क सुटी दिसणाऱ्या मोडवर, जातो. विंडोज निळ्या पडद्यावर अडकलं तर बरंच म्हणायचं. एकाच डिस्कवरून सुरू झालं, तर आठवडाभराची बिलं तिच्यावरच चढतात. मग कुणीतरी मोड पुन्हा रेड करतं. इंटेलच्या रेडची नोंद डिस्कच्या शेवटी असते आणि तिला मधल्या काळात हातच लागलेला नसतो. त्यामुळे दोन्ही डिस्क सारख्याच धरल्या जातात, वाचन कधी हिच्यातून होतं, कधी तिच्यातून. फाइली बिघडतात आणि सूचना येत नाही.

लिनक्स चालत असेल तर मोड एएचसीआय ठेवा आणि एमडीएडीएमने (लिनक्समधलं रेडचं साधन) रेड 1, म्हणजे मिरर, करा. बोर्ड मेला तरी डिस्क दुसऱ्या मशीनवर उघडतात. आधी बॅकअप घ्या, जुनं रेड बायोसमधून काढा, वाइपएफएस कमांडने डिस्कवर उरलेल्या रेडच्या खुणा पुसा. पार्टिशन करताना शेवटी 100 एमबी मोकळे सोडा. पुढे आणलेली डिस्क थोडी लहान निघाली तरी बसते. बिटमॅप, म्हणजे कोणत्या भागांवर लिहिणं चालू होतं त्याची नोंद, चालू हवाच. सेकंदाला 100 एमबी धरले तर 1 टीबीची पूर्ण जुळवणी (दोन्ही डिस्क सारख्या करणं) पावणेतीन तास खाते. बिटमॅप असला, की लाइट गेल्यावर फक्त अर्धवट राहिलेले भाग जुळवले जातात.

ग्रब, म्हणजे लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्रॅम, दोन्ही डिस्कवर टाका. मग मशीन बंद करून एकेक डिस्क काढून बूट करून बघा. डिस्क परत लावल्यावर जुळवणी पूर्ण होऊ द्या, त्यानंतरच दुसरी काढा.

सेल मीटरवर 2.8 व्होल्टच्या खाली दिसला तर बदला. साटा केबलची टोकंही बघा, खाऱ्या हवेने पिनांवर हिरवट थर चढतो. स्मार्टमध्ये (डिस्क स्वतः ठेवते त्या तब्येतीच्या नोंदीत) सीआरसी एरर, म्हणजे केबलवरून डेटा जाताना झालेल्या चुका, वाढत असतील तर डिस्कआधी केबल बदला.