फ्रीज, खारी हवा आणि एक जॉबशीट

आमच्याकडे वीज गेली तर कोणी घाबरत नाही. ती परत येते तेव्हा घाबरतात. देवगड तालुक्यात मे महिन्याच्या शेवटी वळवाचा वारा सुटला, माडाची झापं तारांवर आपटायला लागली, की घराघरातून एकच हाक येते, "मेन बंद करा रे!" आमच्या घरी हे खातं आईकडे. पंचाहत्तरी उलटली तरी काळोखात भिंत चाचपत जाऊन ती मेनस्विच पाडते. वीज आल्यावर समोरच्या घरातला दिवा न फडफडता चांगला पाच मिनिटं जळताना दिसला, की मगच वर करते.

त्यामुळे वळीव होऊन गेल्यावर फ्रीज बंद पडला आणि कंपनीचा माणूस "व्होल्टेजमुळे गेलाय" म्हणाला, तेव्हा माझ्याआधी आईच भडकली. "मी मेन पाडलेलं होतं. मग व्होल्टेज काय खिडकीतून आलं?"

फ्रीज इन्व्हर्टरवाला, दोन दारांचा. घेऊन वर्षही झालं नव्हतं. आतला दिवा लागत होता, पंख्याचा आवाज मात्र नाही आणि थंडावाही नाही. फ्रीजरमध्ये आमरसाचे डबे ठासून भरलेले, वर बांगडे. डबे शेजारच्या काकींच्या फ्रीजमध्ये गेले, बांगडे त्याच दिवशी तव्यावर गेले. तेवढा प्रश्न सुटला.

आमच्या भागाचं सर्व्हिस सेंटर कणकवलीला. तिथून माणूस निघणार, नांदगाव तिठ्यावरून आत वळणार, वाटेतल्या दोनचार तक्रारी करत आमच्यापर्यंत येणार. "आज येतील", "उद्या नक्की", "इंजिनिअर लाइनवर आहेत" हे सगळं ऐकून झाल्यावर एकदाचा तो आला. मागचं प्लास्टिकचं झाकण काढलं, मोबाईलच्या बॅटरीच्या उजेडात आत पाहिलं आणि निकाल दिला, "कार्ड गेलंय. व्होल्टेजमुळे. वॉरंटीत बसत नाही, सर. साडेचार हजार होतील, वर व्हिजिट चार्ज वेगळा."

कार्ड म्हणजे फ्रीज चालवणारी आतली सर्किटची पाटी. व्होल्टेज मोजायचा मीटर त्याच्या बॅगेत होता. बॅगेची चेन त्याने उघडलीच नाही.

मी म्हटलं, "ठीक आहे. हेच लिहून द्या. काय बघितलं, काय खराब आहे, कशामुळे."

"तसं लिहून देत नाही आम्ही, सर. ॲपवरच क्लोज होतं. तुम्हाला एक ओटीपी आलाय, तेवढा सांगा."

इथे माझा धंदा सांगायला हवा. मी एका हायस्कुलात लिपिक आहे. आवक-जावक, पगारबिलं, शाळा सोडल्याचे दाखले, कुठल्या ना कुठल्या पोर्टलवर माहिती भरणं, यात माझा जन्म चाललाय. कामाचं समाधान झाल्याशिवाय ओटीपी देणं म्हणजे कोऱ्या कागदावर सही करणं, एवढं मला त्या क्षणी कळत होतं. मी ओटीपी दिला नाही. तो कुरकुरला, "मग तक्रार पेंडिंग राहील." मी म्हटलं, "राहू द्या. पेंडिंगच आहे ती."

झाकण उघडं होतं तोवर मी त्याच्या खांद्यावरून फोटो काढून घेतले. कोणाकडेही माणूस आला तर हे करा. नंतर आपणच झाकण उघडायला गेलो तर कंपनीला "ग्राहकाने छेडछाड केली" म्हणायला निमित्त मिळतं.

संध्याकाळी आमच्या वाडीच्या वायरमनला ते फोटो दाखवले. त्याने चष्मा कपाळावर चढवून फोटो मोठा केला. कार्ड तळहाताएवढं. जिथे वीज आत शिरते तिथे नाण्याएवढी निळी चकती असते. दाब भलताच वाढला तर तो स्वतःच्या अंगावर घेऊन मरायचं हे तिचं काम. ती तडकते, काळी पडते, तिच्याबरोबर फ्यूजही उडतो. आमच्या फोटोत चकती नव्यासारखी निळी आणि काचेचा फ्यूजही शाबूत. उलट दुसऱ्या टोकाला वायरींचा जो गठ्ठा कार्डात खोचलेला असतो, तिथल्या पिनांवर हिरवट थर चढलेला.

"व्होल्टेजान गेला असता तर ही आधी फुटली असती," तो म्हणाला. "ह्यां बघा, हिरवा पडलाहा. खारी हवा ही."

आमचं स्वयंपाकघर पश्चिमेला आहे. खिडकीतून समुद्र दिसत नाही, पण वाऱ्याला ते कोण सांगणार? खिडकीचे गज दरवर्षी रंगवावे लागतात, गॅसची शेगडी दोन वर्षांत गंजते. तांब्याच्या पिनेवर मीठ आणि दमट हवा बसली की हिरवा गंज चढतो आणि पिनेचा स्पर्श तुटतो. मग कार्डाला आतून खबर मिळत नाही, कॉम्प्रेसर चालू होत नाही. बाहेरून मात्र दिवा लागतो.

एवढं कळलं, पण कळणं वेगळं आणि कागदावर येणं वेगळं.

मी कंपनीला ईमेल केला. सोबत बिल, वॉरंटी कार्ड आणि फोटो. मागणी दोनच: तपासणीचा लेखी अहवाल द्या, आणि व्होल्टेज किती होतं ते आकड्यात सांगा. उत्तरात "आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत" आलं आणि त्याखाली पुन्हा तेच, व्होल्टेजमुळे वॉरंटी लागू नाही. फ्रीजच्या माहितीपत्रकावर मात्र स्टॅबिलायझर लागत नाही असं ठळक छापलेलं आहे. तेही पान मी स्कॅन करून ठेवलं.

मग वीज कार्यालयात गेलो. कोकणात लोक तिथे जातात ते भांडायला. मी अर्ज घेऊन गेलो. अमुक तारखेच्या रात्री आमच्या वाडीच्या ट्रान्सफॉर्मरवर काय बिघाड नोंदला गेला, न्यूट्रल तुटल्याची तक्रार होती का, एवढंच विचारलं. न्यूट्रल म्हणजे वीज परत जायची तार. तिची चौकशी यासाठी, की घरात व्होल्टेज खरोखर चढायचं सगळ्यात मोठं कारण तेच. नियमाने घरात 230 व्होल्ट, त्यात सहा टक्के वर-खाली चालतं. पण तीन फेजच्या लाइनवरची न्यूट्रलची तार तुटली तर ज्या फेजवर भार कमी त्या घरांत ते जवळजवळ 400 पर्यंत जाऊ शकतं. तसं झालं की एकट्याचा फ्रीज जात नाही. अर्ध्या वाडीचे पंखे, टीव्ही, सेटटॉप बॉक्स एका रात्रीत जातात आणि सकाळी वायरमनच्या दारात रांग लागते. आमच्या वाडीत त्या रात्री कोणाचा साधा बल्बसुद्धा उडाला नव्हता.

अर्जाच्या शेवटी एक ओळ टाकली: "सदर माहिती सात दिवसांत न मिळाल्यास माहितीचा अधिकार अधिनियम 2005 अन्वये अर्ज करण्यात येईल." आपल्या राज्यात तो अर्ज दहा रुपयांचा, एका विषयाचा आणि दीडशे शब्दांत बसवावा लागतो. उत्तराला तीस दिवसांची मुदत. पण एवढ्या थराला जावं लागलं नाही. या ओळीचं वजन टेबलापलीकडच्या माणसाला माहीत असतं, कारण आमच्या टेबलावरही अशी ओळ आली की आम्ही ती फाइल वर काढतो. दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली, शिक्का आणि तारखेसकट. आठवडाभरात पत्र आलं: फांदी पडल्याने मुख्य वाहिनी बंद झाली होती, दुरुस्तीनंतर पुरवठा सुरळीत केला, सदर ट्रान्सफॉर्मरवर न्यूट्रल तुटल्याची नोंद नाही. खाली सही.

गंमत म्हणजे याच दिवसांत शाळेतला प्रिंटर कागद ओढेनासा झाला होता. एका वेळी दोन दोन पानं घ्यायचा, नाहीतर अर्ध्यावर गिळून बसायचा. आमच्याकडे हा रोग दरवर्षीचा. हवा दमट झाली की कागदाचा रिम सर्दावतो, पानं चिकटतात, कडा वळतात. पूर्वी कपाटात चाळीसचा पिवळा बल्ब रात्रंदिवस लावून ठेवायचे, कागद आणि हजेरीपट त्याच्या उबेत कोरडे राहायचे. आता एलईडी आले, त्यांच्यात उब नाही. जुना एक बल्ब मी ड्रॉवरमध्ये कापसात गुंडाळून जपलाय, तो जाईल त्या दिवशी दाखले उन्हात वाळत घालावे लागतील. पण या खेपेला कागदाचा दोष नव्हता, रबरी रोलरच झिजलेला होता. रोलर काही शेकड्यांचा. पण रोलर बदलायला मुख्याध्यापकांची टिपणी, संस्थेची मंजुरी आणि तीन दरपत्रकं. म्हणजे घरी एक कागद मागून मिळेना आणि शाळेत कागदांवाचून एक रोलर फिरेना. दहावीनंतर दाखल्यांसाठी पालक उभे, आणि मी एकेक पान हाताने सरकवत बसलेलो.

असो. वीज कार्यालयाचं पत्र जोडून पुन्हा ईमेल केला. आता व्होल्टेज हा शब्द गायब झाला. नवं उत्तर: "समुद्रकिनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेमुळे झालेला गंज वॉरंटीत समाविष्ट नाही."

हे वाचून मला राग येण्याऐवजी बरंच वाटलं. कार्ड गंजल्याचं त्यांनी स्वतःच लिहून दिलं होतं. मी उत्तर पाठवलं. फ्रीज देवगड तालुक्यातल्या दुकानात विकला गेला. बिलावर दुकानाचा आणि माझा, दोन्ही पत्ते आहेत. दुकानाच्या पायरीवर उभं राहिलं तर बंदरातल्या ट्रॉलरांचा आवाज ऐकू येतो. विकताना "हा माल किनाऱ्यावर वापरू नये" असं दुकानदार बोलला नाही, बिलावरही लिहिलेलं नाही. किनाऱ्यावरची हवा वॉरंटीत बसत नसेल तर किनाऱ्यावर दुकान कशाला मांडलं, हे लेखी कळवावं.

त्याला उत्तर आलं नाही. मग 1915 लावला.

ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीत बोलता येतं. तिथल्या बाईंनी बिलाची तारीख, मॉडेल, कंपनीचा तक्रार क्रमांक आणि मला नेमकं काय हवंय ते विचारलं. या शेवटच्या प्रश्नाला लोक गडबडतात आणि सगळी रडकथा सांगत बसतात. मी म्हटलं, कार्ड मोफत बदलून हवं आणि जॉबशीट, म्हणजे केलेल्या कामाची लेखी नोंद, हवं. त्यांनी नोंद क्रमांक दिला, कागद ऑनलाइन चढवायला सांगितले. हेल्पलाइन म्हणजे कोर्ट नव्हे, ती कंपनीवर हुकूम काढत नाही. पण तिथली तक्रार कंपनीच्या ज्या टेबलावर जाते, त्या टेबलापर्यंत आपला ईमेल पोचत नाही.

पुढची तयारीही ठेवली होती. ग्राहक संरक्षण कायदा 2019, जो 20 जुलै 2020 पासून लागू आहे, त्यात आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. कंपनीचं मुख्य कार्यालय कुठल्या का शहरात असेना, आमचा जिल्हा ग्राहक आयोग ओरोसलाच. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत, वकील हवाच असं नाही. तक्रार ऑनलाइन भरायची तर 2025 पासून ई-जागृती पोर्टल आहे. मी मसुदाही टाइप करून ठेवला होता. तो शाळेच्या प्रिंटरवर नाही छापला, बाजारात जाऊन छापून आणला. सांगितलेलं बरं.

ओरोसला जायची वेळ आली नाही. काही दिवसांनी कंपनीच्या कुठल्याशा वरच्या विभागातून एका मुलीचा फोन आला. आवाज एकदम गोड. "सर, आम्ही गुडविल म्हणून कार्ड फ्री ऑफ कॉस्ट देतोय." मला खरं तर म्हणायचं होतं की हे गुडविल नाही, वॉरंटी आहे. आई समोरून हाताने "गप, घे" करत होती. मी "बरं" म्हटलं, आणि व्हिजिट चार्जही लागणार नाही ना, हे ईमेलवर मागून घेतलं.

या वेळी आलेला मुलगा वेगळा होता, कुडाळकडचा, अगदी तरुण. आल्या आल्या मीटर काढून सॉकेटमध्ये घातला, 226 भरलं. फ्रीजच्या अंगाला टेस्टर लावून अर्थिंग पाहिलं. गंजलेल्या वायरींची टोकं घासून पुसून साफ केली, नवं कार्ड बसवलं, पिनांवर कसलासा स्प्रे मारला. "बंदरपट्ट्यात आम्ही हेच बघतो, सर. वॉशिंग मशीनचं पण हेच. भिंतीपासून जरा पुढे ओढा आणि खिडकीसमोर नको." त्याचं म्हणणं पटलं. फ्रीज आता पूर्वेच्या भिंतीला आहे. स्वयंपाकघरातून तिथे जायला चार पावलं जास्त पडतात, यावर घरात रोज एकदा बोलणं होतं.

जॉबशीट त्याने हाताने लिहिलं: "कार्ड बदलले. जुन्या कार्डच्या कनेक्टरवर गंज. पुरवठा 226 व्होल्ट." तारीख, त्याची सही, माझी सही. नव्या कार्डाला वॉरंटी किती, तेही त्याच्याकडून खाली लिहून घेतलं. त्यानंतरच ओटीपी दिला.

फ्रीज चालू आहे. काकींना आमरसाचे दोन डबे ठेवून बाकीचे परत आणले.

प्रिंटरचं तिसरं दरपत्रक परवा आलं. त्यावर दुकानदाराने तारीखच घातलेली नाही. परत पाठवलंय.