निकाल ठरलेलाच असतो ना?

"देवाधर्माची पुस्तकं, म्हणजे शेवटी चांगल्याचाच जय होणार. मग कोर्टातला थरार उरतो कुठे?" कोर्टकथा लिहिणारे अमेरिकी वकील रँडी सिंगर यांच्या कादंबऱ्यांचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच. कधी थेट, कधी "पण त्या ख्रिस्ती प्रकाशनाच्या ना?" एवढ्यावरच थांबलेला. दोन वाक्यांत उत्तर दिलं की विचारणारा मान डोलावतो आणि त्याचं मत होतं तिथेच राहतं. म्हणून एकदा सविस्तर सांगते.

आधी हेतूचा मुद्दा. धर्माचा हेतू मनात धरून लिहिलेली कादंबरी ही कादंबरीच नव्हे, असं म्हणायचं असेल तर बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटना'पासून सुरुवात करावी लागेल. 1857 सालचं ते पुस्तक आपण मराठीतली पहिली कादंबरी म्हणून शिकवतो. त्यात हिंदू विधवांचे हाल आहेत आणि ख्रिस्ती धर्माचा उघड पुरस्कारही आहे. त्यातली विधवांची दुःखं खोटी आहेत असं कुणी म्हणत नाही. मग व्हर्जिनियातल्या एका वकिलाने विश्वास आणि कायदा एकत्र घेऊन लिहिलं, तर न वाचताच निकाल का द्यायचा?

सिंगर यांनी आधी नॉरफोकमध्ये प्रत्यक्ष खटले लढवले, मग चर्चमध्ये पाळक झाले, कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवलंही. त्यामुळे कोर्टात श्रद्धेला किती जागा असते, हे त्यांना नेमकं ठाऊक आहे. ती जागा फार थोडी असते. अमेरिकी संघीय पुरावा नियमांतला 610 क्रमांकाचा नियम सांगतो, की साक्षीदार खरं बोलतोय किंवा खोटं बोलतोय हे ठसवण्यासाठी त्याच्या धार्मिक श्रद्धेचा पुरावा देता येत नाही. म्हणजे "माझी अशील देवभीरू आहे, तिच्यावर विश्वास ठेवा" असं ज्युरीला सांगण्याची सोय नाही. समारोपाच्या भाषणात "तुम्ही स्वतःला तिच्या जागी ठेवून बघा आणि भरपाई ठरवा" असं म्हटलं, तर समोरचा वकील लगेच हरकत घेतो आणि बहुतेक कोर्टांत ती मान्य होते. लोकांनी आपल्याशी जसं वागावं असं वाटतं तसं आपण त्यांच्याशी वागावं, ही मत्तयच्या शुभवर्तमानातली शिकवण. तिच्या आधारे ज्युरीकडे पैसे मागायला मनाई आहे आणि वकिली भाषेत या मनाईला त्याच शिकवणीचं नाव आहे, 'गोल्डन रूल'. ख्रिस्ती वकिलासाठी ही अडचण खरी आहे. ज्या गोष्टीवर त्याचं आयुष्य उभं आहे ती कोर्टाच्या दाराबाहेर ठेवूनच त्याला आत जावं लागतं.

त्यांच्या पहिल्या कादंबरीत, 2002 च्या 'डायरेक्टेड व्हर्डिक्ट'मध्ये, सौदी अरेबियात मिशनरी नवरा गमावलेल्या बाईचा दावा अमेरिकेत चालतो. असा दावा दाखल करणाऱ्या वकिलासमोर पहिला अडथळा येतो तो परक्या सरकारांना संरक्षण देणाऱ्या 1976 च्या कायद्याचा. 1993 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रियाधच्या रुग्णालयात काम केलेल्या नेल्सन नावाच्या अमेरिकी माणसाचा दावा याच कायद्यावर बोट ठेवून फेटाळला. अटक आणि मारहाण ही पोलिसी सत्ता आहे, व्यापारी व्यवहार नव्हे, असं न्यायालयाचं म्हणणं. विधवा निरपराध आहे हे सगळ्यांना मान्य असूनही दावा उभाच राहू शकत नाही, अशी ही स्थिती. यात ठरलेलं काय आहे?

पण माझं खरं उत्तर 'द जस्टिस गेम'मध्ये आहे आणि त्यासाठी आधी मूळ खटला सांगायला हवा.

16 डिसेंबर 1988 रोजी व्हर्जिनिया बीचमधल्या एका ख्रिस्ती शाळेत 16 वर्षांचा विद्यार्थी अर्धस्वयंचलित पिस्तूल घेऊन आला. त्याने एका शिक्षिकेला ठार केलं, दुसऱ्या शिक्षकाला जखमी केलं आणि मुलांनी भरलेल्या वर्गात शिरला. तिथे पिस्तूल अडकलं, म्हणून पुढचं टळलं. सोळा वर्षांच्या मुलाला परवानाधारक दुकानातून पिस्तूल मिळूच शकत नाही, कारण संघीय कायद्याने वयाची अट 21 आहे. दुकानात त्याच्याबरोबर एक सज्ञान नातेवाईक होता. हत्यार मुलाने पसंत केलं आणि फॉर्म नातेवाईकाने भरला. 4473 क्रमांकाच्या त्या फॉर्मवर 'खरा खरेदीदार तुम्हीच का' हा प्रश्न असतो. खोटं उत्तर देणारा गुन्हेगार ठरतो, पण विक्रेत्याने डोळ्यांसमोरचं बघायचं की फक्त कागद बघायचा?

शिक्षिकेच्या कुटुंबाने दुकानावर दावा लावला आणि त्यांचे वकील होते रँडी सिंगर. असा दावा बहुतेक वेळा कुठे मोडतो ते सांगते. निष्काळजीपणा सिद्ध झाला तरी त्याचा आणि मृत्यूचा थेट संबंध दाखवावा लागतो. बचाव पक्ष म्हणतो, मध्ये तिसऱ्या माणसाचा हेतुपुरस्सर गुन्हा आला, साखळी तिथे तुटली. त्यामुळे पोरसवदा मुलगा निवड करतोय आणि सही दुसराच करतोय, हे काउंटरमागच्या माणसाला दिसत होतं आणि पुढचा धोका त्याला कळायला हवा होता, इथवर ज्युरीला न्यावं लागतं. 1992 मध्ये ज्युरीने दुकानाला 1,05,000 डॉलर द्यायला लावले. बंदूक विक्रेत्याविरुद्ध असा निकाल त्या काळी दुर्मीळ होता. एका जिवाच्या मानाने हा आकडा मला आजही टोचतो. आपल्याकडे न्यायाधीशाला निकालाची कारणं लिहावी लागतात. तिथली ज्युरी आकडा लिहून घरी जाते.

आता 2009 ची कादंबरी, 'द जस्टिस गेम'. मधल्या काळात, 2005 मध्ये, शस्त्र बनवणाऱ्यांना आणि विकणाऱ्यांना संरक्षण देणारा संघीय कायदा झाला होता. त्यात मोजके अपवाद आहेत, उदाहरणार्थ विक्रीचा कायदा जाणूनबुजून मोडणं. कादंबरीत व्हर्जिनिया बीचच्या टीव्ही स्टुडिओत वृत्तनिवेदिकेचा खून होतो आणि तिचं कुटुंब हत्यार बनवणाऱ्या कंपनीवर दावा लावतं. सिंगर स्वतः एका बाजूने लढलेले, तरी त्यांनी कंपनीच्या तरुण वकिलाला फिर्यादीच्या वकील मुलीइतकीच बुद्धी, तितकीच अडचण आणि तितकंच लपवण्यासारखं गुपित दिलं. निकालाचा अंदाज विकणारी एक कंपनीही त्यात आहे. वास्तवातही 'शॅडो ज्युरी' असते. खऱ्या ज्युरींशी वय, शिक्षण, व्यवसाय जुळणारी माणसं पैसे देऊन प्रेक्षकांत बसवतात, रोज संध्याकाळी त्यांची मतं घेतात आणि पैसे कोणत्या बाजूचे हे त्यांना सांगत नाहीत.

आणि निकाल? सिंगर यांनी खटल्याचा सारांश व्हिडिओवर मांडून वाचकांनाच ज्युरी व्हायला बोलावलं. ज्याच्याबद्दल तुम्ही 'शेवट ठरलेला' म्हणता, त्या लेखकाने हे केलं.

पूर्वी मी यावर चिडत असे. लेखकाने निकाल वाचकांवर सोपवणं ही जबाबदारी झटकणं आहे, असं माझं म्हणणं होतं. आज ते अर्धं पटतं. खरी ज्युरी निवडताना पूर्वग्रह असलेल्यांना प्रश्न विचारून वगळतात. व्हिडिओ बघणारा मात्र स्वतःच पुढे आलेला असतो. त्याने उलटतपासणीत साक्षीदाराचा चेहरा पाहिलेला नसतो. तरीही, ज्या माणसाने खऱ्या शिक्षिकेसाठी भांडून ज्युरीकडून उत्तर मिळवलं, त्याने तोच प्रश्न पुन्हा मोकळा सोडावा, याला फक्त विक्रीची युक्ती म्हणायला मन तयार होत नाही.

या प्रकारातल्या सगळ्याच पुस्तकांची बाजू मी घेत नाही. प्रार्थना होते आणि दुसऱ्या दिवशी हरवलेला साक्षीदार दारात उभा राहतो, तिथे मी पुस्तक मिटते. संघीय दिवाणी खटल्यात साक्षीदारांची यादी साधारण 30 दिवस आधी समोरच्याला द्यावी लागते. न दिलेलं नाव सहसा चालत नाही. चमत्काराबद्दल माझी तक्रार नाही, पण समोरच्या वकिलाने हरकत घ्यायची विसरावी हे पटत नाही. नायकाचा पश्चात्ताप कोणत्या प्रकरणात येणार हेही पुष्कळदा आधी कळतं. तेवढ्यापुरता तुमचा आक्षेप खरा आहे.

मात्र 1992 च्या खटल्यात मी ज्युरीत असते तर दुकानाविरुद्धच मत दिलं असतं. आणि 'द जस्टिस गेम'मधलं बचावाचं म्हणणं वाचताना, प्रत्येक वेळी, मला कंपनीच्या बाजूने जावंसं वाटतं. या दोन मतांचा मेळ मला अजून घालता आलेला नाही.