तुम्ही विचारलंत म्हणून : त्या शांत जमावावर घोडे का घातले?

इंग्लंडात मँचेस्टरच्या शांत सभेवर १८१९ मध्ये घोडदळ घातले गेले, त्या पीटरलूच्या हत्याकांडाविषयी माझे बोलणे संपले की श्रोत्यांतून एक प्रश्न हमखास येतो : लोक निःशस्त्र होते, बायकामुलांना घेऊन आले होते, मग सरकारला भीती कसली वाटली? जमावाने आधी काहीतरी आगळीक केलीच असणार, असेही काहींना वाटते. मला दरवेळी एकच उत्तर द्यावे लागते. सत्ताधाऱ्यांना धास्ती वाटली ती त्या लोकांच्या शिस्तीची.

१६ ऑगस्ट १८१९ रोजी मँचेस्टरच्या सेंट पीटर्स फील्ड या मैदानात सुमारे ६०,००० माणसे संसदेच्या सुधारणेची मागणी करणारे वक्ते हेन्री हंट यांचे भाषण ऐकायला जमली होती. नेपोलियनशी चाललेले युद्ध संपले होते, हातमागावरच्या विणकरांची मजुरी कोसळली होती, आणि १८१५ च्या धान्य कायद्याने परदेशी गहू अडवल्यामुळे पाव महागच राहिला होता. एवढ्या मोठ्या मँचेस्टरला संसदेत स्वतःचा एकही सदस्य नव्हता. ओल्ड सेरम या जवळजवळ निर्मनुष्य टेकडीच्या नावावर मात्र दोन होते. १८१७ मध्ये पाठीवर ब्लँकेट बांधून, हाती अर्ज घेऊन लंडनला पायी निघालेल्या विणकरांना सैन्याने वाटेतच पांगवले होते. त्याच वर्षी खटल्याविना कैदेत ठेवण्याची मुभाही सरकारने घेतली होती.

मिडलटन गावचे विणकर सॅम्युएल बॅमफर्ड यांनी आपल्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. सुधारणावाद्यांच्या सभांना फाटके, मळके, बेशिस्त लोक येतात अशी वर्तमानपत्रे टिंगल करत, आणि ती या माणसांना झोंबत असे. म्हणून या वेळी स्वच्छ कपडे, दारूला स्पर्श नाही, चालण्यात शिस्त आणि सर्वांत वर शांतता, असे ठरले. दिवसभर मागावर बसणारी ही माणसे मोकळ्या वेळी माळावर जाऊन फौजेतून परतलेल्या शिपायांकडून रांगेत चालणे शिकली. सभेच्या दिवशी मिडलटनहून किमान तीन हजार लोक निघाले, तेव्हा आघाडीला शांततेची खूण म्हणून लॉरेलच्या डहाळ्या घेतलेले बारा तरुण होते, मागे रेशमी निशाणे होती, आणि काठी फक्त म्हाताऱ्या व अधू माणसांच्या हाती होती. ज्या बारकाईने बॅमफर्ड हे सांगतात, त्यातून त्या तयारीमागचा स्वाभिमान मला जाणवतो.

मैदानाच्या कडेच्या एका घराच्या खिडकीतून हेच दृश्य पाहणाऱ्या मॅजिस्ट्रेटांना मात्र त्यात सैन्य दिसले. उपाशी माणसांची दंगल त्यांच्या ओळखीची होती; ती मोडून काढता येत असे. पण पावलाला पाऊल मिळवून, कोणाचाही हुकूम नसताना आपणहून रांगेत आलेले मजूर त्यांनी असे कधी पाहिले नव्हते. आदल्या पहाटे व्हाइट मॉस या माळावरच्या कवायतीजवळ हेर समजून काही जणांना मारहाण झाली होती, हेही मी लपवत नाही. मैदानावरच्या जमावाने मात्र कोणावर हात उगारला नव्हता.

हंट यांच्या अटकेसाठी मँचेस्टर आणि सॅलफर्डच्या हौशी घोडदळाला पाचारण केले गेले. त्यात गिरणीवाल्यांची मुले, दुकानदार, गुत्तेवाले असे स्थानिक लोक होते. मैदानात पोहोचण्याआधीच त्यांच्यापैकी एकाच्या घोड्याच्या धक्क्याने विल्यम फिल्ड्स हा दोन वर्षांचा मुलगा आईच्या हातून पडून मेला. पुढे दाटीत घोडे अडकले आणि तलवारी चालू लागल्या. मागोमाग नियमित सैन्यातले हुसार स्वारही आत घातले गेले. थॉमस रेडफर्ड या मिडलटनच्या माणसाने हिरवे निशाण उंच धरून ठेवले होते; हातातली काठी छाटली गेली आणि खांद्यावर तलवारीचा वार बसला, तोवर त्याने ते सोडले नाही. एकूण १८ मृत्यू आज मोजले जातात. जखमी सहाशेहून अधिक होते आणि जमावातल्या प्रमाणाच्या मानाने त्यांत स्त्रिया फार होत्या.

गंमत नव्हे, दुःखाची गोष्ट अशी की दंगा झाल्याखेरीज जमाव पांगवण्याच्या फंदात पडू नये, असा सल्ला गृहखात्याने ४ ऑगस्टलाच पाठवला होता. तरीही घटनेनंतर राजाच्या जागी कारभार पाहणाऱ्या प्रिन्स रीजंटच्या वतीने मॅजिस्ट्रेटांचे आभार मानले गेले, आणि चौकशीच्या मागणीला साथ देणाऱ्या अर्ल फिट्झविल्यम यांना यॉर्कशरच्या वेस्ट रायडिंगमधील त्यांच्या मानाच्या पदावरून काढण्यात आले. १८०३ मध्ये असईला मराठ्यांशी लढलेला वेलस्ली, म्हणजे वॉटर्लूचा विजेता वेलिंग्टन, त्या वेळी मंत्रिमंडळात होता. पीटरलू हे नावही वॉटर्लूवरूनच, उपहासाने पडले.

माझ्या उत्तराचा पुरावा त्याच डिसेंबरात संमत झालेल्या सहा कायद्यांत आहे. त्यांतल्या एकाने परवानगीविना कवायत शिकवणे आणि शिकणे हा गुन्हा ठरवला. दुसऱ्याने मोठ्या सभांवर बंधने घालून तिथे निशाणे, ढोल आणि लष्करी थाटाच्या रांगा यांना मनाई केली. म्हणजे मिडलटनच्या लोकांनी आपण सभ्य आहोत हे दाखवायला जे जे केले, ते ते नेमके बेकायदा झाले. स्वस्त राजकीय पत्रांवर चार पेन्सांची मुद्रांक पट्टीही बसवली गेली.

१८२२ मध्ये रेडफर्डने त्या घोडदळातल्या चौघांवर लँकेस्टरच्या न्यायालयात नुकसानभरपाईचा दावा लावला. सभेचे स्वरूप काय होते हे ठरवण्यासाठी व्हाइट मॉसच्या कवायतीचा पुरावा तिथे ग्राह्य धरण्यात आला, आणि ज्युरीने निकाल घोडेस्वारांच्या बाजूने दिला.