शंभर वर्षं साठलेला पाचोळा

"अगं, डोंगर तर आपलेही पेटतात. मग एवढी का घाबरलीस?" सप्टेंबर २०२० मध्ये आईनं फोनवर विचारलं होतं. कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नो शहरातल्या घरात आम्ही खिडक्यांच्या फटींना ओले टॉवेल लावून बसलो होतो. भरदुपारी दिवे लावावे लागत होते. गॅलरीतल्या तुळशीवर राख साचली होती आणि त्या राखेत पाइनच्या जळक्या सुया अख्ख्या ओळखू येत होत्या.

तो वणवा म्हणजे क्रीक फायर. ४ सप्टेंबरला सिएरा नेवाडाच्या डोंगरात लागला. दुसऱ्याच दिवशी मॅमथ पूल तलावाकाठी सुट्टीला गेलेल्या लोकांची वाट आगीनं अडवली आणि दोनशेहून अधिक जणांना लष्करी हेलिकॉप्टरनी रात्रीतून बाहेर काढावं लागलं. विझेपर्यंत जवळपास ३ लाख ८० हजार एकर जळालं होतं.

आईचं म्हणणं खोटं नव्हतं. साताऱ्याकडच्या आमच्या गावी फेब्रुवारी-मार्चात रात्री डोंगरावर वणव्याची माळ दिसायची. पण तो गवताचा वणवा. सरसर पुढे जातो, मोठी झाडं बुंध्याशी काळी पडतात, आणि जूनमध्ये सगळं परत हिरवं. इथली झाडं मुळापासून शेंड्यापर्यंत पेटत होती. हा फरक कशामुळे, ते मला पुढच्या दोन-तीन वर्षांत त्याच डोंगरात फिरून समजलं.

पहिली गोष्ट हवा. आपल्याकडे उन्हाळ्याच्या शेवटी पाऊस येतो. इथे पाऊस आणि बर्फ हिवाळ्यातच, मेपासून ऑक्टोबरपर्यंत जवळजवळ थेंब नाही. डोंगरावरचा बर्फ हळूहळू वितळतो, त्यावरच जंगल उन्हाळा काढतं. आता तो बर्फ लवकर संपतो, आणि तापलेली हवा लाकडातली उरलीसुरली ओल शोषून घेते. २०१२ ते २०१६ सलग दुष्काळ पडला. पाइनच्या झाडाला साल पोखरणारा किडा लागला की झाड डिंकासारखा चीक सोडून त्याला बाहेर ढकलतं. पाणीच नाही तर चीक कुठून येणार? कॅलिफोर्नियात १० कोटींहून जास्त झाडं मेली. याच डोंगरातल्या शेव्हर लेकच्या रस्त्यानं जाताना अख्खे डोंगर विटकरी रंगाचे दिसायचे. नवखे लोक त्याला पानगळीचे रंग समजून फोटो काढायचे. मीही काढले होते.

पण दुष्काळ या डोंगरांना नवा नाही. एका कापलेल्या जुन्या खोडाची चकती मी बोटानं चाचपून पाहिली. वर्षावर्षाच्या कड्या, आणि मध्येच चंद्रकोरीसारखे काळे डाग. प्रत्येक डाग म्हणजे झाडानं सोसलेली, सोसून भरून काढलेली एक आग. डाग दहा-पंधरा वर्षांच्या अंतरानं येत होते. साधारण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धानंतर मात्र एकही नाही. बाहेरच्या बाजूला कोऱ्या कड्या.

त्या कोऱ्या कड्यांमागे माणसं आहेत. इथले मोनो आणि इतर आदिवासी ठरवून, थंडाव्याच्या दिवसांत, छोट्या आगी लावत. टोपल्या विणायला सरळ कोंब मिळावेत, ओकची फळं नीट वेचता यावीत म्हणून. मेळघाटात मोहफुलं वेचण्याआधी झाडाखालचा पाला जाळतात, त्याची मला आठवण झाली. १८५० मध्ये कॅलिफोर्नियानं कायदा करून आदिवासींच्या गवत-रान जाळण्याला शिक्षा ठेवली. १९३५ पासून १९७०च्या दशकापर्यंत अमेरिकी वनखात्याचा नियम असा होता की आग दिसली की दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आणायची. त्यात लाकूडतोडीनं मोठी, जाड सालीची झाडं गेली आणि सावलीत वाढणारी बारीक झाडं दाटीनं उगवली. त्यांच्या खालपासून असलेल्या फांद्या म्हणजे आगीला शेंड्यापर्यंत नेणारी शिडीच. एका पाइनखाली मी सुयांच्या थरात हात घातला. मनगट बुडालं तरी माती लागली नाही.

मला मनापासून वाटतं की या जंगलांवर झालेला मोठा अन्याय हा आहे. चांगल्या हेतूनं, प्रामाणिक कष्टानं, शंभर वर्षं आग विझवली, आणि प्रत्येक विझवलेली आग पुढच्या आगीच्या पोटात गेली.

शेव्हर लेकजवळ वीज कंपनीच्या मालकीचं जंगल आहे. तिथे कित्येक दशकं झाडं विरळ करून मुद्दाम छोटे जाळ घातले जात होते, आपल्या वनखात्याच्या जाळरेषा (आग अडवायला जाळून मोकळे केलेले पट्टे) काढण्यापेक्षा खूप मोठ्या पट्ट्यात. क्रीक फायर तिथे पोचला तेव्हा शेंड्यांवरून जमिनीवर उतरला. तिथली मोठी झाडं आजही उभी आहेत. काहींची साल छातीएवढ्या उंचीपर्यंत काळी, वर हिरवा झुबका.

दुसरीकडे, जिथे सगळं जळालं, तिथल्या एका उतारावर मागच्या उन्हाळ्यात मी पाइनची रोपं शोधली. बी टाकायला आसपास जिवंत झाडच नाही. तासभर फिरून एकही सापडलं नाही. कमरेएवढी दाट झुडपं मात्र सगळीकडे होती, आणि त्यांच्यात आडवे पडलेले २०२० चे ओंडके, उन्हात वाळून खडखडीत झालेले.