चौदा हजार हॉर्सपॉवर

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या आयटीआयत मी डिझेल मेकॅनिकचा निदेशक आहे. माझा एक जुना विद्यार्थी दुबईत ‘क्वीन एलिझाबेथ २’ या जहाजावर नोकरीला आहे. १९६९ पासून जवळजवळ चाळीस वर्षं या जहाजानं प्रवासी नेले. २००८ साली ते दुबईला आलं आणि २०१८ पासून रशीद बंदरात हॉटेल म्हणून उभं आहे. लोक हौसेनं बघायला येतात. “सर, पोट्ट्यायले मोबाईलवर फिरवून दाखवतो,” असं तो कधीचा म्हणत होता. शेवटी त्याच्या सुट्टीच्या दिवशी योग आला.

वर्कशॉपच्या भिंतीवर चादर ताणली, प्रोजेक्टर लावला. धक्क्यावरून २९३ मीटरचं जहाज काही केल्या कॅमेऱ्यात मावेना. मग आतली दालनं, गालिचे, झुंबरं. पोरं जांभया देऊ लागली. खरं सांगायचं तर मलाही त्यात रस नव्हता.

नेमकी तेव्हाच लाइन गेली. पोरांनी न सांगता जनरेटर गाठला. एकानं सिलिंडरमधला दाब सोडणारा डिकॉम्प्रेशन लिव्हर धरला, दुसऱ्यानं हँडल मारलं, आणि इंजिन धडधडलं. तिकडून आवाज आला, “सर, तेच इंजिन हाये का जी? वळखलं मी!”

त्यानंतर त्याचं काहीच ऐकू येईना. नुसतं चित्र हलत होतं, म्हणून बोलायचं काम माझ्याकडे आलं. बरंच झालं. खडू घेतला, फरशीवर ५८ सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ काढलं आणि मधोमध आमच्या जुन्या इंजिनाचा पिस्टन ठेवला. ओरडून सांगितलं, हा आपला आणि हे वर्तुळ त्यांच्या सिलिंडरचं. एका इंजिनाला असे नऊ सिलिंडर, आणि अशी नऊ इंजिनं. एकेक साडेदहा मेगावॅटचं, म्हणजे सुमारे १४,००० हॉर्सपॉवर. विहिरीवरच्या पाच हॉर्सपॉवरच्या २,८०० मोटरी एकत्र केल्या, तर एका इंजिनाची बरोबरी. एक पोरगं वर्तुळात उकिडवं बसून आलं. मावलं.

मुळात हे जहाज वाफेच्या टर्बाइनवर चालायचं. १९८२ च्या फॉकलंड युद्धात सैनिक घेऊन गेलं, तेही वाफेवरच. १९८६-८७ मध्ये जर्मनीत नेऊन टर्बाइन काढले आणि डिझेल इंजिनं बसवली. इंजिनांनी वीज तयार करायची, त्या विजेवर दोन मोठ्या मोटरींनी पंखे फिरवायचे.

“म्हंजे आपल्या शकुंतलेसारखंच की!” मागून एक जण ओरडला. त्यानं आजोबांकडून ऐकलेलं. बरोबरच होतं. शकुंतला म्हणजे आमची यवतमाळ-मूर्तिजापूर छोटी रेल्वे. तिचं वाफेचं इंजिन १९९४ साली गेलं आणि डिझेल आलं. माझ्या डोक्यात हे कधी आलं नव्हतं.

लाइन आली, जनरेटर बंद केला. पहिला प्रश्न आला, “दादा, थे इंजिनं आता कोण पाह्यते?”

“बंद हायेत. जहाज जागचं हालतच नाई.”

“मंग तुम्ही काय करता जी?”

“एसी रिपेर.”

सगळे हसले, मी सोडून. दोन वर्षं माझ्याकडून इंजेक्टर सोडवायला शिकलेला पोरगा, आणि पायाखाली नऊ इंजिनं असताना एसीचे फिल्टर धुतो! वर पोरांना सल्ला देतो, “इकडं यायचं असंन तर एसीचं काम शिकून घ्या.”

तासाभरात तिघं शेजारच्या रेफ्रिजरेशनच्या निदेशकाकडे चौकशीला हजर. संध्याकाळचा चहा अर्थात त्यानंच पाजला.