बोक्याची लघवी तुंबते तेव्हा

आमचा गुंड्या म्हणजे नसबंदी झालेला, अंगाने भरलेला, घराबाहेर न जाणारा बोका. त्या रात्री तो शी-शूसाठी ठेवलेल्या मातीच्या ट्रेमध्ये जाऊन बसायचा, कुंथायचा, बाहेर यायचा आणि मिनिटभरात परत आत जायचा. शेजारच्या काकूंनी बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, पोट साफ होत नसेल त्याचं. चमचाभर एरंडेल दे, सकाळपर्यंत मोकळा होईल."

बोका कुंथताना दिसला की बहुतेकांना बद्धकोष्ठच वाटतं. म्हणून मी ट्रेमधली माती चाळून पाहिली. शी होती, तीही नेहमीसारखी. पण लघवीने ओल्या झालेल्या मातीचा जो गोळा बनतो, तो एकही नव्हता. गुंड्या शेपटीखाली सारखा चाटत होता आणि उचलायला गेले तर घशातून गुरगुरला. हा आवाज त्याने याआधी कधी काढला नव्हता.

रात्री चालू असणाऱ्या एका दवाखान्यात फोन लावला. डॉक्टरांनी दोनच गोष्टी विचारल्या : नर की मादी, आणि लघवीचा शेवटचा गोळा कधी दिसला. उत्तर ऐकल्यावर म्हणाले, "ताई, सकाळची वाट बघू नका. आत्ता आणा. आणि पोट दाबून बघू नका, मूत्राशय फुटू शकतं."

बोक्याचा मूत्रमार्ग मांजरीपेक्षा लांब आणि टोकाकडे फार अरुंद असतो. चिकट स्राव आणि बारीक खडे यांचा बुच तिथे बसला की लघवी पूर्ण तुंबते. मग मूत्रपिंडांचं काम थांबतं, रक्तात पोटॅशियम वाढतं आणि हृदयाचे ठोके मंदावतात. तुंबल्यापासून 24 ते 48 तासांत जनावर जाऊ शकतं. एरंडेल पाजून सकाळपर्यंत थांबायला इथे जागाच नसते.

दवाखान्यात डॉक्टरांनी पोटाला अलगद हात लावला आणि माझी बोटंही तिथे हलकेच टेकवली. मोठ्या लिंबाएवढा टणक गोळा लागला. तेच मूत्राशय. रक्त तपासलं, तर पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडं एरवी बाहेर टाकतात तो टाकाऊ घटक) दोन्ही वाढलेले. लगेच कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची नळी, घालतील असं मला वाटलं होतं, पण आधी सलाईन आणि हृदय सांभाळायला कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं, ईसीजी लावला, मगच भूल दिली. नळी आत सरकली आणि लालसर, रेतीसारखे कण असलेली लघवी पिशवीत उतरू लागली, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

पण त्याला लगेच घरी सोडलं नाही. अडथळा निघाल्यावर शरीर भराभर लघवी बाहेर टाकतं आणि त्यात जनावर कोरडं पडू शकतं. म्हणून नळी टाके घालून तशीच ठेवली होती आणि पिशवीत किती लघवी आली ते मोजून त्या हिशेबाने सलाईन चालू होतं.

सूक्ष्मदर्शकाखाली लघवीत स्ट्रुव्हाइट नावाच्या क्षाराचे स्फटिक दिसले. हे खास आहाराने विरघळू शकतात. कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे मात्र विरघळत नाहीत, ते काढावेच लागतात. पुढे डॉक्टरांनी जे विचारलं ते मला अगदी अनपेक्षित होतं : "घरात अलीकडे काही बदललंय का?" दिवाळीच्या आधी आम्ही रंगकाम काढलं होतं. सामान हललेलं, अनोळखी माणसांची ये-जा, ट्रेसुद्धा बाल्कनीत गेलेला. ताणामुळे मांजरांच्या मूत्राशयाला सूज येते आणि पुष्कळदा दुसरं काही कारणच सापडत नाही, असं त्यांनी समजावलं.

घरी आणल्यावरचे दिवस मला दवाखान्यातल्या रात्रीपेक्षा जड गेले. पहिल्या काही आठवड्यांत पुन्हा तुंबण्याची भीती सगळ्यात जास्त. चाटू नये म्हणून गळ्यात घातलेला शंकूसारखा कोन तो भिंतींवर आपटायचा, मूत्रमार्ग सैल ठेवणारी गोळी थुंकून टाकायचा. रोज सकाळ-संध्याकाळ मातीतले गोळे मोजायचे आणि कॅलेंडरवर लिहायचे, हे मी अजूनही करते. दुखत असेल म्हणून घरातलं पॅरासिटामॉल द्यायचा विचारही कुणी करू नये. मांजराला ते विष आहे, एक गोळीसुद्धा जिवावर बेतते.

खरा फरक पाण्याने पडला. मांजराचे पूर्वज वाळवंटी भागातले, त्यामुळे त्याला मुळातच तहान कमी आणि लघवी घट्ट. कोरड्या खाद्यात पाणी जेमतेम 10 टक्के असतं, ओल्या पाऊचमध्ये 75 ते 80 टक्के. डॉक्टरांनी लिहून दिलेलं ओलं खाद्य मी आणखी दोन चमचे कोमट पाणी घालून देते. कधी चिकन उकडलेलं पाणीही, पण मीठ, कांदा, लसूण न घालता. कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. पाण्याची भांडी आता घरभर आहेत, सगळी ट्रेपासून लांब. ट्रेही दोन झाले. जितकी मांजरं त्याहून एक जास्त, असा हिशेब डॉक्टरांनी सांगितला.

एवढं करूनही पुन्हा पुन्हा तुंबत राहिलं, तर मूत्रमार्गाचा अरुंद भाग काढून वाट रुंद करायची शस्त्रक्रिया असते. तूर्त आमच्यावर ती वेळ आलेली नाही. मागच्या तपासणीत लघवीत स्फटिक नव्हते. पुढची तपासणी तीन महिन्यांनी आहे.